देंग छिंगमिंग पंचवीस वर्षे मागे का राहिले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चीनचे देंग छिंगमिंग १९९८ मध्ये अंतराळवीर म्हणून निवडले गेले आणि पहिल्यांदा अवकाशात गेले ते थेट २०२२ मध्ये. मधल्या काळात त्यांनी केले काय, ते सहकाऱ्यांपेक्षा कमी पडत होते म्हणून त्यांना मागे ठेवले गेले का, आणि हवाई दलात जाऊन पुढे अंतराळवीर होण्याची इच्छा असलेल्या आपल्या भाच्याने या कारकिर्दीकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी भारतीय हवाई दलात विमानवैद्यक शाखेची डॉक्टर म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. वैमानिकांच्या वार्षिक तपासण्या, वैद्यकीय मंडळासमोरची प्रकरणे, आजारपणानंतर कोणाला पुन्हा विमानात बसू द्यायचे आणि कोणाला नाही, हा माझा रोजचा विषय होता. त्यामुळे आपल्या प्रश्नातला ‘कमी पडत होते का’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाहेरून पाहणाऱ्याला निवड ही गुणवत्ता यादीसारखी दिसते, म्हणजे पहिला तो सर्वोत्तम आणि शेवटचा तो सर्वांत दुबळा. आतली परिस्थिती बहुतेक वेळा तशी नसते, आणि देंग यांच्या बाबतीत तर ती तशी नव्हती असे म्हणायला उघड आकडेच पुरेसे आहेत.

आधी तो हिशेब मांडते. चिनी सैन्याचे अंतराळवीर दल ५ जानेवारी १९९८ रोजी स्थापन झाले तेव्हा त्यात १४ जण होते. दीड हजारांवर लढाऊ वैमानिकांतून चाळून घेतलेले १२ जण आणि त्याआधी रशियात, मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात प्रशिक्षण घेऊन आलेले वू जिए आणि ली छिंगलाँग हे दोघे, अशी ती पहिली तुकडी होती. आता या १४ जणांसाठी जागा किती होत्या ते पाहा. २००३ मध्ये शेन्झोऊ-५ या यानातून एकटे यांग लिवेई गेले, २००५ मध्ये शेन्झोऊ-६ मधून दोघे, २००८ मध्ये शेन्झोऊ-७ मधून तिघे, २०१२ आणि २०१३ मध्ये शेन्झोऊ-९ आणि शेन्झोऊ-१० मधून प्रत्येकी तिघे, आणि २०१६ मध्ये शेन्झोऊ-११ मधून दोघे. म्हणजे दल स्थापन झाल्यापासून जवळजवळ १९ वर्षांत सहा उड्डाणे आणि एकूण १४ जागा.

वरवर पाहता १४ माणसे आणि १४ जागा, म्हणजे हिशेब जुळतो. पण त्यातल्या तीन जागा २०१० मध्ये निवडलेल्या दुसऱ्या तुकडीला गेल्या. लिऊ यांग आणि वांग याफिंग या दोन महिला आणि त्यांच्यानंतर छन दोंग. आणखी तीन जागा आधी जाऊन आलेल्यांनाच मिळाल्या, कारण जिंग हायफंग तीनदा गेले आणि नी हायशेंग दोनदा. याला पक्षपात म्हणता येणार नाही. शेन्झोऊ-९ पासून चीनच्या प्रत्येक उड्डाणाचा कमांडर हा आधी अवकाशात जाऊन आलेला माणूस राहिला आहे, आणि दुसऱ्या यानाला जोडणी करण्यासारखे काम पहिल्यांदा होत असताना ते शहाणपणाचेच होते. उरल्या आठ जागा, आणि त्या आठ जणांना मिळाल्या. १४ पैकी सहा जण जमिनीवर राहणार हे त्या वेळापत्रकातच लिहिलेले होते, मग ते सहा जण कोणीही असोत. २०१४ मध्ये त्या सहांपैकी पाच जणांना उड्डाणाविना निवृत्त व्हावे लागले. रशियात शिकून आलेले वू जिए आणि ली छिंगलाँग हे दोघेही त्या पाचांत होते. सहावे देंग, ते दलात राहिले.

शेन्झोऊ-५ साठी शेवटच्या फेरीत यांग लिवेई, झाई झिगांग आणि नी हायशेंग असे तिघे होते. शेन्झोऊ-६ साठी शेवटी तीन जोड्या उरल्या होत्या आणि त्यांतल्या एका जोडीत झाई आणि वू जिए होते. झाई दोन्ही वेळा राहिले, पण २००८ मध्ये चीनचा पहिला अवकाशपदन्यास, म्हणजे पोशाख घालून यानाबाहेर पडण्याचे काम, त्यांनीच केला आणि २०२१ मध्ये शेन्झोऊ-१३ चे कमांडर म्हणून ते सहा महिने अवकाश स्थानकावर राहिले. त्याच जोडीतले वू जिए कधीच गेले नाहीत. दोघेही एकाच उंबरठ्यापर्यंत पोहोचले होते. त्यानंतरच्या दोन आयुष्यांत जो फरक पडला, त्याच्या मानाने त्या दिवशीच्या गुणांतला फरक किती असेल याची मला माझ्या कामावरून चांगली कल्पना आहे.

माझा एक अनुभव सांगते. परदेशातल्या एका अभ्यासक्रमासाठी जागा एक होती आणि शेवटपर्यंत आलेले वैमानिक दोन होते. दोघांचे हृदय, फुप्फुसे, दृष्टी, पाठीचा कणा, फिरत्या खुर्चीवरची चाचणी, सेंट्रीफ्यूजमधली (माणसाला वेगाने गरगर फिरवून शरीरावर भार आणणाऱ्या यंत्रातली) कामगिरी असे सगळे आमच्यासमोर होते. एकाचे आकडे किंचित सरस होते. पण त्याच माणसाची आदल्या आठवड्याची मोजणी काढून पाहिली, तर त्याच्या स्वतःच्या दोन दिवसांतला फरक हा त्या दोघांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. झोप नीट झाली नाही, मोजणीच्या आधी कॉफी घेतली, घरी मूल आजारी आहे, एवढ्यानेसुद्धा नाडी आणि रक्तदाब हलतात. तरीही एक नाव लिहावेच लागते, आणि ते आम्ही लिहिले. ज्याचे नाव लिहिले नाही तो कमी होता असे त्या खोलीतल्या कोणालाही वाटले नव्हते. ते त्याला नीट समजावून सांगण्याची व्यवस्था मात्र आमच्याकडे नव्हती, आणि याची खंत मला आजही आहे.

देंग शेन्झोऊ-९, शेन्झोऊ-१० आणि शेन्झोऊ-११ या लागोपाठ तीन उड्डाणांसाठी राखीव होते. ‘राखीव’ या शब्दाने आपली फसगत होते, कारण क्रिकेटमधला बारावा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. अंतराळातले काम तसे नसते. राखीव माणूस तेच प्रशिक्षण तितकेच तास घेतो, सिम्युलेटरमध्ये तेच बिघाड सोडवतो, उड्डाणाआधी तसाच विलगीकरणात राहतो आणि गोबी वाळवंटातल्या जिउक्वान प्रक्षेपण केंद्रापर्यंत जातो. फक्त शेवटच्या दिवशी तो यानात बसत नाही. २०१६ मध्ये शेन्झोऊ-११ ची अंतिम नावे जाहीर झाली तेव्हा देंग यांनी वळून जिंग हायफंग यांना मिठी मारली आणि त्यांचे अभिनंदन केले. ते दृश्य चीनमध्ये पुष्कळांच्या लक्षात राहिले आहे. तेव्हा देंग ५० वर्षांचे होते आणि पुढचे उड्डाण कधी होईल हे ठरलेले नव्हते.

राखीव तुकडी हा शोभेचा भाग नाही, हे इतिहासात एकदा फार कठोरपणे दिसून आले आहे. जून १९७१ मध्ये सोव्हिएत यान सोयूझ-११ च्या उड्डाणाला काही दिवस उरले असताना व्हालेरी कुबासोव्ह यांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग दिसला आणि क्षयाची शंका आली. नियमाप्रमाणे संपूर्ण तुकडी बदलली गेली. राखीव असलेले डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह गेले, सॅल्यूट-१ या स्थानकावर तीन आठवडे राहिले, आणि परतताना यानातली हवा निघून गेल्याने तिघांचाही मृत्यू झाला. ज्या डॉक्टरांनी तो डाग पाहून आक्षेप घेतला, त्यांनी आपले काम अचूक केले होते. मी आयुष्यभर अशा चित्रांवर सह्या केल्या आहेत, त्यामुळे ही घटना मला दूरची वाटत नाही.

आता मूळ प्रश्न: या पंचवीस वर्षांत देंग यांनी केले काय? एका वाक्यात सांगायचे तर त्यांनी स्वतःला उड्डाणयोग्य ठेवले. हे वाक्य ऐकायला साधे आहे, म्हणून त्यात काय सामावलेले असते ते जरा उलगडून सांगते.

निवडीच्या वेळी त्यांनी ३२ वे वर्षही पूर्ण केलेले नव्हते, आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षे होते. या दोन वयांच्या मध्ये माणसाच्या शरीरात जे जे बदलते, ते ते आमच्या तपासणी यादीत असते. पंचेचाळिशीच्या आसपास जवळचे वाचताना चष्मा लागतो. रक्तातली चरबी आणि साखर वर सरकू लागते. लढाऊ विमानात जड हेल्मेट घालून मान वळवत तरुणपण घालवलेल्या वैमानिकांच्या मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा लवकर दिसते. हृदयाचे ठोके मधूनच चुकू लागतात, जे सामान्य माणसाच्या लक्षातही येत नाही, पण वैमानिकाला विमानापासून दूर करू शकते. मूत्रपिंडातला एक बारीक खडासुद्धा पुरेसा असतो, कारण वजनरहित अवस्थेत हाडांतले कॅल्शियम सुटून लघवीत उतरते आणि खडे होण्याचा धोका वाढतो. आमच्याकडे पूर्णपणे योग्य वैमानिकाची वैद्यकीय श्रेणी ए-१ जी-१ अशी लिहितात. ती श्रेणी दहा वर्षे टिकवणारे पुष्कळ असतात. ती पन्नाशी ओलांडेपर्यंत टिकवणारे मोजके, आणि त्यांतही अवकाशयात्रेचा निकष याहून कडक असतो.

सेंट्रीफ्यूजबद्दल लोकांना फार कुतूहल असते, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. चिनी अंतराळवीर त्यात आठ जीपर्यंत, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठपट भार सहन करण्याचा सराव करतात. लढाऊ वैमानिकाला जीची सवय असतेच, पण ती वेगळ्या दिशेने. विमान तीव्र वळण घेते तेव्हा भार डोक्याकडून पायांकडे येतो, रक्त मेंदूतून खाली उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अंतराळयानात माणूस पाठीवर पहुडलेला असतो, त्यामुळे भार छातीवर येतो. शुद्ध सहसा जात नाही, पण श्वास घेणे हेच एक काम होऊन बसते. पोटाने श्वास घ्यायला शिकावे लागते आणि तरुणपणी अंगवळणी पडलेली तंत्रे बाजूला ठेवावी लागतात. माझ्या निरीक्षणानुसार वय वाढल्याने भार सोसण्याची क्षमता लोकांना वाटते तितकी घटत नाही. घटते ती नंतर पूर्ववत होण्याची गती. तिशीतला वैमानिक त्याच संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो, पन्नाशीतल्याला दोन दिवस पाठ आठवण करून देते. अशा सरावाची जवळजवळ पंचवीस वर्षे म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावे.

शरीराइतकाच दुसरा भाग ज्ञानाचा. १९९८ मध्ये देंग जे यान शिकू लागले, त्या यानाने तेव्हा एकही उड्डाण केलेले नव्हते. पहिले मानवरहित शेन्झोऊ १९९९ मध्ये गेले. त्यानंतर तियानगोंग-१ आणि तियानगोंग-२ या प्रयोगशाळा आल्या, जोडणीचे तंत्र आले, आणि अखेर तीन भागांचे मोठे स्थानक आले. प्रत्येक टप्प्यावर अभ्यासक्रम नवा झाला. एकदा पाठ केलेले पंचवीस वर्षे पुरले, असे झाले नाही. साठीकडे झुकताना तिशीतल्या इंजिनिअरांबरोबर एकाच वर्गात बसून नवी यंत्रणा शिकणे मला शारीरिक सरावाहून अवघड वाटते, कारण तिथे अडथळा स्नायूंचा नसून मनाचा असतो.

शेवटच्या पाच वर्षांचे थांबणे तर पूर्णपणे त्यांच्या हाताबाहेरचे होते. स्थानकाचे भाग नेण्यासाठी लाँग मार्च-५ मालिकेतले शक्तिशाली अग्निबाण लागणार होते. जुलै २०१७ मध्ये त्या अग्निबाणाचे दुसरे उड्डाण फसले, आणि पुढचे यशस्वी उड्डाण डिसेंबर २०१९ मध्ये झाले. स्थानकाचा मुख्य भाग एप्रिल २०२१ मध्ये कक्षेत गेला. अग्निबाणाच्या इंजिनातला दोष शोधण्यात गेलेला काळ ५१ ते ५५ या वयाच्या अंतराळवीराच्या खात्यातून वजा होतो. त्याबद्दल कोणालाच दोष देता येत नाही, आणि म्हणूनच तो काळ सहन करणे कठीण असते.

तुलनाच करायची असेल तर अमेरिकेच्या डीक स्लेटन यांच्याशी करावी. १९५९ मध्ये निवडलेल्या पहिल्या सात जणांपैकी ते एक. १९६२ मध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना उड्डाणापासून दूर ठेवले आणि १९७५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या संयुक्त अपोलो-सोयूझ मोहिमेत गेले. क्षयाच्या शंकेने थांबवले गेलेले कुबासोव्ह त्याच मोहिमेत सोव्हिएत यानात होते, हा योगायोग मला नेहमी हलवून जातो. पण स्लेटन यांना थांबण्याचे कारण ठाऊक होते. देंग यांना असे कोणतेही कारण नव्हते. ते प्रत्येक तपासणीत योग्य ठरत होते आणि तरीही थांबत होते. वैद्यकीय कारणाने थांबलेला वैमानिक आजाराशी लढतो. निरोगी असून थांबलेल्याला लढायला समोर काहीच नसते, आणि माझ्या दवाखान्यात मी अशांनाच अधिक खचलेले पाहिले आहे. बाहेरच्या कोणाला हे दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याविषयी. देंग यांनी हा मार्ग पत्करावा की नाही, हा प्रश्न आपल्या भाच्याच्या प्रश्नासारखा नाही. १९९८ च्या तुकडीतले सगळे सैन्यातले वैमानिक होते; सैनिकी सेवेत कामगिरी बदलते, पण सेवा, हुद्दा आणि सोबतचे लोक टिकून राहतात. ज्यांनी नागरी नोकरी सोडून अशा प्रतीक्षेत उडी घेतली असेल, त्यांचे गणित वेगळे असेल. शिवाय तो काळही आता राहिलेला नाही. चीनची २०२० ची तिसरी तुकडी १८ जणांची होती आणि तिच्यात वैमानिकांबरोबर उड्डाण अभियंते आणि प्रयोगतज्ज्ञही होते. त्यांच्यातले प्राध्यापक गुई हायचाओ हे चीनचे अवकाशात गेलेले पहिले असैनिक. ते २०२३ मध्ये, म्हणजे निवडीनंतर तीन वर्षांच्या आत गेले. स्थानक सतत चालू असल्यामुळे आता वर्षाला दोन उड्डाणे आणि सहा जागा असतात. पूर्वी तेवढ्या जागांना पाच वर्षेसुद्धा अपुरी पडली आहेत.

आपल्या देशात मात्र जागा अजून फारच थोड्या आहेत. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले, तेव्हा तितकेच प्रशिक्षण घेतलेले रवीश मल्होत्रा राखीव राहिले आणि पुढे त्यांना संधी मिळाली नाही. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेव्हा प्रशांत नायर राखीव होते. भाच्याने हवाई दलाची तयारी करावी, मनापासून करावी. पण त्याला वैमानिक होण्याचे काम स्वतःहून आवडते का, हे आधी त्याच्याशी बोलून पाहा. लढाऊ विमान उडवणे हे ज्याला अंतराळापर्यंतची केवळ पायरी वाटते, त्याला मी अर्ज करण्याआधी पुन्हा विचार करायला सांगेन. ज्याला ते काम स्वतंत्रपणे आयुष्यभर पुरेसे वाटते, त्याने खुशाल अर्ज करावा. शिवाय त्याने दात, डोळे आणि पाठ यांची काळजी आतापासून घ्यावी. तिशीत नाकारले गेलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत, ज्यांची कारणे शाळेच्या वयातच सुरू झाली होती.

राहता राहिले प्रत्यक्ष उड्डाण. २९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ११ वाजून ८ मिनिटांनी जिउक्वानहून शेन्झोऊ-१५ निघाले. कमांडर फेई जुनलाँग हे पहिल्याच तुकडीतले, आणि त्यांचे मागचे उड्डाण १७ वर्षांपूर्वीचे. तिसरे झांग लू हे दुसऱ्या तुकडीतले आणि १२ वर्षे थांबलेले. स्थानकावर आधीचे तिघे होतेच, त्यामुळे चिनी स्थानकावर पहिल्यांदाच सहा जण एकत्र आले. पुढच्या सहा महिन्यांत या तुकडीने चार अवकाशपदन्यास केले. चारही वेळा बाहेर गेले ते फेई आणि झांग. देंग आत राहून त्यांना आधार देत होते. काहींनी यातही त्यांचे दुर्दैव पाहिले, पण मला तसे वाटत नाही. बाहेर पोशाखात असलेल्या दोन माणसांचा प्राणवायू, त्यांचा दोर, यंत्रहाताची हालचाल आणि वेळ या साऱ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवू शकणारा माणूस आत असावा लागतो. दुसऱ्यांच्या उड्डाणासाठी तीनदा संपूर्ण तयारी केलेल्या माणसाइतका त्या जागेला योग्य माणूस मला तरी सुचत नाही. वैद्यकीयदृष्ट्याही हे काम सोपे नव्हते. १८६ दिवसांच्या वजनरहित मुक्कामात नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटू शकते. ती झीज रोखण्यासाठी रोज तासन्‌तास व्यायाम करावा लागतो, आणि ५६ व्या वर्षी गेलेले हाड ३० व्या वर्षीइतक्या लवकर भरून येत नाही. ४ जून २०२३ रोजी ते परतले.

परतण्याच्या पाच दिवस आधी, ३० मे रोजी, पुढची तुकडी घेऊन शेन्झोऊ-१६ स्थानकाला जोडले गेले. त्यात गुई हायचाओ होते, आणि कमांडर होते चौथ्यांदा अवकाशात आलेले जिंग हायफंग. मधले दार उघडले तेव्हा आत स्वागताला उभ्या असलेल्या तिघांत देंग छिंगमिंग होते.